विहीणबाईंचे चार वाफे

आमच्या विहीणबाईंनी आयुष्यात कुठलीही गोष्ट लागोपाठ दोनदा केलेली मी पाहिलेली नाही. श्वास घेणं हा अपवाद म्हणावा, तर त्यातही त्या आळीपाळीने नाकपुडी बदलत असाव्यात असा मला संशय आहे. मी अंधेरीतल्या एका कारखान्याच्या हिशेबखात्यात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस. कुठलंही विधान करण्यापूर्वी ते तपासून घ्यायची मला सवय आहे. हे विधान मी बोरिवलीला त्यांच्या घरी बसून बऱ्याच रविवारी तपासलं, आणि प्रत्येक रविवारी वेगळ्या खुर्चीवर बसून तपासलं, कारण मागच्या खेपेला ज्या खुर्चीवर बसलो तिच्यावर पुढच्या खेपेला बसायला त्या घरात मनाई आहे. चार खुर्च्या, आणि त्यांतली पंख्याखाली एकच. भर मे महिन्यात घामाघूम होऊन मी तिच्याकडे वळलो, की आतून आवाज यायचा, "व्याही, मागच्या वेळी तुम्ही तिथे होतात. आज खिडकीपाशी." आत स्वयंपाकघरात पाठमोऱ्या उभ्या असलेल्या बाईंना मी कुठे बसतोय हे कसं कळायचं, ते मला आजवर उमगलेलं नाही.

माझी मुलगी शुभा त्यांच्या घरी दिली, म्हणून त्या माझ्या विहीणबाई. नोकरीत असताना त्या शाळेत शिक्षिका होत्या, पण त्यांचं खरं काम शिकवणं नव्हे. शाळेचं वेळापत्रक त्या करायच्या. वर्षानुवर्षं, एकटीने. गणितामागून गणित येता कामा नये, भाषेच्या तासाआधी खेळाचा तास नको कारण पोरं धापा टाकत येतात, जेवणाच्या सुट्टीनंतर इतिहास नको कारण वर्ग झोपतो आणि मास्तर त्याच्याही आधी झोपतात, हे सगळं त्यांनी डोक्यात बसवलेलं होतं. मुख्याध्यापक बदलले, इमारतीवर मजला चढला, पण वेळापत्रक बाईंचंच. निवृत्तीनंतर पहिले काही दिवस त्या म्हणे घरात नुसत्या येरझाऱ्या घालत. वर्ग नाहीत, तास नाहीत, कुणाला कुठे बसवायचं हा प्रश्नच नाही. मग एके दिवशी त्यांची नजर स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेर गेली. तळमजल्याचं घर, मागे सोसायटीच्या कुंपणाच्या भिंतीपर्यंत मातीची एक लांबट पट्टी. तिथे तेव्हा फुटके नळ, जुनं दार आणि घुशी होत्या. बाईंनी सोसायटीची तोंडी परवानगी घेतली, घुशींची बहुधा लेखी घेतली असावी, आणि तिथे एका रांगेत चार वाफे पाडले. मी ते टेपने मोजले आहेत. चारही सारखे, प्रत्येकी आठ फूट बाय पाच.

या चार वाफ्यांचं जे काही त्या करायच्या त्याला शेतकी पुस्तकात पिकांची फेरपालट म्हणतात. त्या त्याला 'पाळी' म्हणायच्या. तत्त्व असं, की वांगी, टोमॅटो आणि मिरची ही एकाच घराण्यातली मंडळी आहेत. ज्या मातीत यंदा वांगी झाली तिथेच पुढच्या वर्षी मिरची लावली, तर आधीचे रोग आणि किडी पाहुण्यांसारख्या टिकून राहतात आणि नव्या पानावर जेवायला बसतात. म्हणून घराणं बदलायचं. शेंग जमिनीला काहीतरी देऊन जाते, म्हणून आधी शेंग. तिच्यामागून पाला, म्हणजे मेथी, माठ, पालक. तो ते दिलेलं खाऊन तरारतो. त्याच्यामागून फळ, म्हणजे वांगी वगैरे. ते उरलंसुरलं ओरबाडून घेतं. आणि मग चौथ्या वर्षी त्या वाफ्यात काही लावायचं नाही. तो पड टाकायचा. निजू द्यायचा. दर मिरगाला, म्हणजे जूनमधल्या पहिल्या पावसाला, प्रत्येक वाफा एक पायरी पुढे सरकायचा, वर्गातली मुलं वरच्या इयत्तेत जातात तशी. मी हे सगळं रेघा मारून तक्त्यात मांडून देतो म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "कागदावर लिहिलं की कागदच शहाणा होतो, आपण तसेच राहतो." त्यानंतर मी तो विषय काढला नाही. एकदा मात्र मी सहज विचारलं, की मुळा पाल्यात धरायचा का कंदात. त्या उत्तर न देता आत निघून गेल्या. मला वाटलं रागावल्या. पुढच्या रविवारी मी चपला काढतो न काढतो तोच त्या दारात येऊन म्हणाल्या, "मुळ्यासारखा एक विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो, व्याही. त्याला मिळेल तिथे बसवायचं आणि लक्ष ठेवायचं." म्हणजे आठवडाभर त्या मुळ्यावर होत्या.

पाळीचं हे शास्त्र मागच्या दारापुरतं राहतं तर मी एवढं लिहिलं नसतं. ते घरभर पसरलं होतं. किराणा त्या चार वाण्यांकडून आळीपाळीने आणत, कारण एकाच दुकानात सतत गेलं की वाणी निर्ढावतो. देव्हाऱ्यात पुढचं स्थान एकेका देवाला महिनाभर मिळायचं. गणपतीला मागे बसवलेलं पाहून शेजारच्या एक काकू हबकल्या, तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की मागे बसल्याने त्याचं काही बिघडत नाही, त्याला सगळ्यांच्या डोक्यावरून दिसतं. डॉक्टर दोन होते, एक गोळ्यावाले आणि एक साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोड गोळ्यावाले. एकदा बाईंना सणसणून ताप भरला, तेव्हा पाळी गोड गोळ्यांची होती. जावई मोठ्या डॉक्टरांना आणायला निघाले, तर या अंगावर पांघरूण ओढून म्हणाल्या, "मागच्या खोकल्याला ते झालेत." ताप तीन दिवसांनी उतरला. कुणाच्या श्रेयाने उतरला यावर त्या घरात अजून एकमत नाही.

स्वयंपाकघरातली पाळी मी पहिल्यांदा पाहिली तो प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर आहे. लग्नाला दोन महिने झाले होते. मुलीचं घर, म्हणून न कळवता गेलो. तिला राबताना पाहायला लागणार अशी बापाची तयारी ठेवून गेलो. दार शुभानेच उघडलं. हातात मासिक, पायात चपला नाहीत, चेहरा दुपारची झोप काढल्यासारखा. आत पाहतो तर आमचे जावई पोळ्या लाटत होते, त्यांचे वडील कोशिंबिरीची काकडी चोचवत होते आणि विहीणबाई आमटीला फोडणी देत होत्या. पोळी, भाजी-कोशिंबीर, आमटी-भात, आणि चौथा माणूस पड. दर आठवड्याला सगळ्यांनी एकेक पायरी सरकायचं. त्या आठवड्यात शुभा पड होती. काळ कुठला, आणि त्यातून कोकणातलं घराणं. जावयाला पोळ्या लाटताना पाहून मला कुठे पाहावं ते समजेना, म्हणून मी पोळीकडे पाहिलं. ती गोल होती. माझ्या पत्नीने हे घरी आल्यावर ऐकलं, आणि नंतर बराच वेळ ती माझ्या हातांकडे बघत होती.

या सगळ्यात विहीणबाईंच्या यजमानांची अवस्था मला नेहमी कुतूहलाची वाटे. ते मितभाषी. चार खुर्च्यांवरून चार दिवसांत फिरून येत, चार प्रकारची चटणी निमूटपणे खात. एकदा त्यांना एकटं गाठून मी विचारलं, की तुम्हाला याचा त्रास होत नाही का. ते म्हणाले, "छत्तीस वर्षं झाली, अजून नवरा बदलायची पाळी आलेली नाही. मी गप्प बसतो. उगाच आठवण नको."

आमच्या घराण्याची निवडही पाळीनेच झाली हे मला बैठकीत समजलं. मी हुंडा, मानपान, कार्यालय या सगळ्या आकड्यांची तयारी करून गेलो होतो. विहीणबाईंनी त्यातलं काही विचारलं नाही. आमचे वडील काय करायचे ते विचारलं. मी म्हटलं, गिरणीत हिशेबनीस होते. आजोबा? एका पेढीवर कारकून. थोरले बंधू? बँकेत. त्यांनी यजमानांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडे तीन पिढ्या शिक्षक झाले. जमीन थकली आहे. आता दुसरं पीक पाहिजे, शेंगेचं." माझ्या मुलीला पसंत करताना तिचा रंग, उंची, शिक्षण यांच्याबद्दल चकार शब्द न काढता तिला शेंगवर्गात बसवलं, याचा मला आधी राग आला. मग विचार केला, की शेंग म्हणजे जमिनीला देऊन जाणारी. माझ्या मुलीबद्दल इतकं चांगलं कुणीच बोललेलं नव्हतं.

अशा त्या बाईंच्या चार वाफ्यांवर संकट आलं ते स्कूटरच्या रूपाने. त्या काळी स्कूटरसाठी नाव नोंदवून माणूस म्हातारा व्हायचा. पण त्या दोनेक वर्षांत त्यांच्या इमारतीतल्या पाच-सहा जणांचे नंबर एकदम लागले. त्यांत दुसऱ्या मजल्यावरचे सोसायटीचे सेक्रेटरी होते. सज्जन गृहस्थ, हळू बोलणारे. नऊ वर्षं वाट पाहून स्कूटर मिळाली, ती पुढच्या अंगणात उघड्यावर उभी राहायची. पोरं तिच्यावर चढत, कावळे घाण करत. सेक्रेटरी रोज रात्री तिच्यावर जुनी चादर घालत आणि कडा खाली खोचत, तान्ह्या मुलाला गुंडाळतात तशा. त्यांनी सभेपुढे विषय आणला: मागच्या बाजूला मोकळी जागा आहे, तिथे फरशा टाकून स्कूटरसाठी पत्र्याची शेड करावी. ते चूक बोलत होते असं मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. जागा सोसायटीचीच होती. बाईंना मिळालेली परवानगी हौसेपुरती, आणि तीही तोंडी.

प्रश्न एवढाच होता की एक वाफा गेला तर पाळीचं काय? चारच वाफ्यांवर चार पायऱ्या उभ्या होत्या. तीन पायांवर खुर्ची उभी राहत नाही. विहीणबाई कुणाला काही बोलल्या नाहीत, पण शुभा सांगत आली की त्या दिवसातून चार-चारदा मागच्या दारात जाऊन नुसत्या उभ्या राहतात, आणि दोन दिवस सलग एकाच खुर्चीवर बसल्या. हे ऐकल्यावर मी घाबरलो आणि त्याच संध्याकाळी बोरिवली गाठली.

ठरलं होतं असं, की रविवारी सकाळी सभासदांनी जागेवर येऊन पाहणी करायची आणि तिथेच निर्णय करायचा. मी वाफे पाहिले. दिवस सरत्या हिवाळ्याचे. इमारतीच्या दोन्ही अंगांनी मागे यायला बोळ आहेत. उजवीकडच्या बोळाच्या टोकाला पहिला वाफा, त्यात वांगी इतकी लगडलेली की फांद्यांना काठ्या द्याव्या लागल्या होत्या. मधे पाल्याचा एक आणि वालाचा एक. आणि डावीकडच्या टोकाला चौथा. तो पड होता. साफ, भुसभुशीत, वर सुक्या पानांचं पांघरूण, आणि हिरवं एक पान नाही. मी विहीणबाईंना म्हटलं, हा वाफा असा दिसला तर तो जाणार. आज बुधवार आहे. मूठभर मेथी फेका. रविवारपर्यंत वर येते. हिरवं दिसलं की मोकळी जागा म्हणायला कुणाची जीभ रेटणार नाही. मेथी नंतर उपटून टाका.

त्या माझ्याकडे, मी कुणाच्या तरी झोपलेल्या मुलाला चिमटा काढायला सांगितल्यासारखं पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, मिरगापर्यंत त्याला उठवायचं नाही. मी म्हटलं, चार दिवसांचा प्रश्न आहे. त्या म्हणाल्या, शाळेत तपासणीसाहेब येणार म्हणून आजारी पोराला अंथरुणातून आणून बाकावर बसवणारे मुख्याध्यापक मी पाहिलेत; मी त्यांच्या शेजारी उभी राहिलेली नाही. मग त्यांनी मला चहा दिला. खुर्ची पंख्याखालची दिली. माझी पाळी नव्हती. यावरून त्यांचं चित्त किती ढळलं होतं ते मी समजलो.

रविवारी पंधरा-वीस सभासद मागच्या बाजूला जमले. मी सभासद नव्हतो, म्हणून मी बोलायचं नाही हे मला ठाऊक होतं. मी मागच्या दाराच्या उंबऱ्यावर विहीणबाईंच्या यजमानांशेजारी उभा राहिलो. सेक्रेटरींनी टेप आणला होता. त्यांनी नम्रपणे सांगितलं की सगळी पट्टी नको, एका वाफ्याएवढी जागा पुरे, बाकी तीन बाईंनी खुशाल ठेवावेत. आणि मग ते डाव्या टोकाकडे वळले.

"हा चौथा तर रिकामाच आहे, बाई."

"रिकामा नाही. पड आहे."

"पण त्यात काही नाही ना?"

"आज रविवार. तुम्हाला सुट्टी. तुम्ही रिकामे आहात का?"

मागून कुणीतरी म्हणालं, "यांचं माहीत नाही, मी आहे." सगळे हसले. सेक्रेटरीही हसले, आणि हसत हसत टेप उलगडून वाकले. टेपचं टोक मातीला लागणार, तेवढ्यात विहीणबाई म्हणाल्या, "थांबा. हा नाही. तो घ्या."

त्यांनी हात केला होता उजव्या टोकाकडे. वांग्यांकडे.

सेक्रेटरी कमरेत वाकलेले, तसेच मान वर करून म्हणाले, "अहो, पण त्याच्यावर वांगी लगडली आहेत."

"म्हणूनच. त्याचं काम झालंय. मिरगाला त्याची झोपायची पाळी येणारच होती, चार महिने आधी झोपेल. याला मात्र मी मिरगापर्यंत निजू देईन म्हणून सांगितलंय."

"कुणाला सांगितलंत?"

"यालाच," विहीणबाई म्हणाल्या.

मी जन्मभर जमाखर्च पाहिला आहे. भरल्या फळाचा वाफा देऊन उघड्या मातीचा वाफा राखणं हा व्यवहार कुठल्याही रकान्यात बसणारा नाही. मी तो मनात दोन-तीन पद्धतींनी मांडून पाहिला, आणि दर वेळी त्यात तोटाच निघाला. पण त्या अंगणात एक माणूस असा नव्हता की जो हसला. मघाशी विनोद करणारे गृहस्थ चपलेने जमीन उकरत होते, ते थांबले आणि त्यांनी पाऊल मागे घेतलं. त्या बाई चेष्टा करत नव्हत्या, हट्ट करत नव्हत्या आणि त्याग तर मुळीच करत नव्हत्या. त्या वेळापत्रक सांभाळत होत्या. त्यांनी अट एकच घातली: फरशांखाली सिमेंटचा कोबा घालायचा नाही, नुसती रेती घालायची. सेक्रेटरींनी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, झोपणाऱ्याच्या तोंडावर उशी दाबत नाहीत.

आठवडाभरात वांगी उतरवली. साऱ्या इमारतीत वाटली, आमच्याकडे अंधेरीला पिशवी भरून आली. भरली वांगी, भरीत, काप, वांगीभात असं आम्ही पाळीपाळीने खाल्लं. झाडं उपटताना विहीणबाई स्वतः होत्या. मग रेती आली, शहाबादी फरशा आल्या, पत्रा आला, आणि सेक्रेटरींच्या स्कूटरवरची चादर सुटली. मी व्यवहारी माणूस, एका रविवारी विहीणबाईंना सुचवलं की आता एक वाफा कायमचा फरशीखाली झोपलाच आहे. त्यालाच पड समजावं, आणि उरलेल्या तिघांना दर वर्षी पिकवावं. गणित बरोबर सुटतं.

"एकाने झोपायचं आणि तिघांचा शीण जायचा?" त्या म्हणाल्या. "असं होत असतं तर मी यांना घोरू दिलं असतं आणि स्वतः रात्रभर विणकाम केलं असतं."

आणि खरोखरच, त्या मिरगाला चारही वाफे एकेक पायरी पुढे सरकले. जो पड होता तो शेंगेला लागला, आणि चवळीने असा उसळला की वेल कुंपणाच्या भिंतीवर चढू लागले. फरशीखालचा झोपेच्या इयत्तेत गेला. त्यांच्या डोक्यातल्या वेळापत्रकातून तो वगळला गेलाच नव्हता.

श्रावणाच्या सुमारास दोन फरशांच्या फटीतून, सेक्रेटरींच्या स्कूटरच्या पुढच्या चाकाशी, वांग्याचं एक रोप वर आलं. सांडलेलं एखादं पिकलं वांगं मातीत राहिलं असणार. ते सगळ्यात आधी सेक्रेटरींनाच दिसलं. त्यांनी स्कूटर तिरकी लावायला सुरुवात केली. त्याच्याभोवती तीन विटा मांडल्या. वरच्या मजल्यावरच्या बायका खाली डोकावून रोपाची चौकशी करू लागल्या. बाईंचा वाफा घेतल्याची सगळ्यांच्या मनात कुठेतरी टोचणी होती, आणि ती त्या रोपाच्या रूपाने चार पानांवर आली होती. एका रविवारी सेक्रेटरी स्वतः विहीणबाईंना बोलवायला आले. आम्ही सगळेच गेलो. विहीणबाई गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू वाकल्या, रोप नीट निरखून पाहिलं, आणि चिमटीत धरून मुळासकट उपटलं.

सेक्रेटरींनी एक वीट उचलली आणि परत ठेवली. विहीणबाईंनी त्यांना समजावलं, वर्गात उशिरा कळणाऱ्या पण चांगल्या मुलाला समजावतात तसं: इथे मागच्या वर्षी वांगीच होती, परत वांगं चालणार नाही. आणि यंदा याची झोप आहे. सेक्रेटरींनी थोडा विचार केला आणि हळूच विचारलं, मग झोपेत वर स्कूटर उभी असलेली चालते का? त्या म्हणाल्या, "मी काय सांगणार? जागा तुमची आहे."

दुसऱ्या दिवसापासून सेक्रेटरींची स्कूटर पुन्हा पुढच्या अंगणात, चादरीखाली. पुढच्या मिरगापर्यंत शेडमधली ती एक जागा तशीच राहिली. दुसऱ्या कुणी तिथे गाडी लावायला गेलं, की सेक्रेटरी वरच्या गॅलरीतून हळू आवाजात सांगायचे, "तिथे नको हो. यंदा तिथे नको." कारण विचारलं की ते जरा लाजायचे.

मिरगाला विहीणबाईंनी त्या फटीत चवळीचे दाणे टोचले, कारण झोपेनंतर शेंग. स्कूटर परत आली आणि वेल शेडच्या पाइपावर चढला. आता त्यांचे गुडघे पार गेले होते. स्टुलावर बसून त्या शुभाला सांगत आणि शुभा करी. गणेशचतुर्थीच्या आधीच्या रविवारी मी गेलो, तेव्हा त्या वेलाच्या पहिल्या शेंगा काढून, दोऱ्याने जुडी बांधून त्या जिन्याकडे निघालेल्या दिसल्या. मी म्हटलं, शुभा देईल नेऊन. त्या म्हणाल्या, खंड दुसऱ्याच्या हातून पाठवत नाहीत. आमच्या कोकणात दुसऱ्याच्या जमिनीत पिकवलेल्यातला जो वाटा मालकाला पोचवायचा असतो, तो खंड. त्यांच्या माहेरचे आजोबा खंडाने शेतं करायचे आणि भाताची पाटी डोक्यावर घेऊन स्वतः खोताच्या ओसरीवर नेऊन ठेवायचे, हे मला त्या दिवशी कळलं.

दोन मजले चढायला त्यांना बराच वेळ लागला. एका हाताने कठडा, दुसऱ्या हातात जुडी, मी मागे. सेक्रेटरींनी दार उघडलं. ते बनियनवर होते, त्यांनी गडबडीने खांद्यावर टॉवेल घेतला. विहीणबाईंनी जुडी पुढे केली आणि सांगितलं, की तुमच्या जागेत पिकलं, हा तुमचा खंड. सेक्रेटरींनी ती दोन्ही हातांनी घेतली. जुडीकडे पाहत त्यांनी विचारलं, "आता पुढच्या वर्षी तिथे काय, बाई?"

"पाला," त्या म्हणाल्या. "तुम्हाला माठ चालतो ना?"

उतरताना पहिल्या मजल्याच्या वळणावर त्या पायरीवर बसल्या. मला वाटलं, श्वास घेऊन उठतील. त्या उठल्या नाहीत. खालून यजमानांची हाक आली, तेव्हा त्यांनी पाठ भिंतीला टेकवून पाय सैल सोडले. मीही त्यांना उठा म्हटलं नाही. खालच्या पायरीवर, त्यांच्यापुढे, मीही टेकलो, आणि बराच वेळ आम्ही दोघं तिथे काही न करता बसून राहिलो.